लायोची बॅच कशाने रखडते: नव्याने आलेल्यांसाठी

लायोवर, म्हणजे इंजेक्शनचं औषध गोठवून निर्वातात सुकवणाऱ्या यंत्रावर, रुजू झालो त्याच्या तिसऱ्या रात्रीची गोष्ट. नागपूरजवळच्या एका कारखान्यात प्रायमरी ड्रायिंग (गोठलेल्या मालातला बर्फ उडवण्याचा टप्पा) चालू होतं आणि बॅच सहा तास मागे होती. मला वाटलं, यात काय एवढं, व्हॅक्यूम अजून ओढू. चेंबरच्या दाबाचा सेटपॉइंट ६० मिलिटॉरवरून (मिलिटॉर हे दाबाचं एकक) २० वर आणायची परवानगी मागायला मी फोन उचलला. शेजारी उभे असलेले ऑपरेटर काका हसले आणि म्हणाले, "सर, व्हॅक्यूम ओढलं तं माल अजून थंड पडन. मंग सुकन कसा?"

मी फोन ठेवला. बी.फार्म.ची पदवी माझ्याकडे होती, काकांकडे आयटीआय. त्यांचं म्हणणं नीट उमगायला मला वर्ष लागलं. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर किंवा मिहानकडे इंजेक्शनच्या विभागात नव्याने लागणाऱ्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: चालू बॅचमध्ये मंजूर रिसिपीबाहेर जाऊन काहीही बदललं की ते डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून ढळणं, ठरतं. खाली जे आहे ते सायकल (गोठवण्यापासून सुकवण्यापर्यंतचा सगळा क्रम) समजून घेण्यासाठी आणि नवी सायकल बांधताना वापरण्यासाठी आहे, रात्रपाळीत बटणं फिरवण्यासाठी नाही.

पहिली पायरी: कूलर आठवा

लायोफिलायझेशनचे टप्पे तीन. आधी गोठवणं, मग निर्वातात बर्फाची थेट वाफ करणं म्हणजे प्रायमरी, आणि शेवटी घन भागात मुरलेलं पाणी काढणं म्हणजे सेकंडरी. पाण्याचा त्रिक बिंदू, जिथे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र राहू शकतात, तो ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कल, म्हणजे साधारण ४,६०० मिलिटॉर. याखालच्या दाबात बर्फ पाणी न होता वाफ होतो. आपण काम करतो ५० ते २०० मिलिटॉरमध्ये, त्यामुळे त्या बाजूने चिंता नाही. सगळ्यात जास्त वेळ प्रायमरी खातं, म्हणून हा लेखही बराचसा प्रायमरीवरच आहे.

आता घरचा कूलर. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना वाळ्याच्या ताटीला हात लावून पाहा, गार लागते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती पाणी स्वतःतूनच देतं. तोच कूलर, तोच पंखा, तेच पाणी जुलैत लावा. नुसती उमस होते. कारण हवेत आधीच वाफ भरलेली असते, ताटीतली वाफ जाणार कुठे?

लायोमध्ये हेच दोन्ही घडतं. व्हायलमधला (औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीतला) बर्फ वाफ होताना स्वतःला थंड करत राहतो. शेल्फ, म्हणजे व्हायल्सखालची थंड-गरम करता येणारी फळी, उणे २० अंशांवर असेल तर माल उणे ३५ ला बसलेला असू शकतो. आणि वाफ सुटते ती बर्फाचा स्वतःचा बाष्पदाब आणि चेंबरचा दाब यांच्या फरकामुळे. बर्फाचा हा दाब तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो. उणे २० ला तो सुमारे ७७५ मिलिटॉर, उणे ३० ला २८५, उणे ४० ला ९७, उणे ५० ला ३० आणि उणे ६० ला जेमतेम ८. दहा अंश खाली गेलं की दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रोज लागतील. यातूनच तो प्रसिद्ध ठोकताळा निघतो: मालाचं तापमान एक अंशाने वाढवता आलं, तर प्रायमरीचा वेळ साधारण १३ टक्क्यांनी घटतो.

काकांचं गणित आता जुळतं का पाहा. चेंबरचा दाब ६० वरून २० वर आणून फरकात वाढ मिळते ती फार तर ४० मिलिटॉरची. तेवढ्यासाठी माल दोन-तीन अंश थंड पडला, तर उणे ३५ ला असलेले १६८ मिलिटॉर १२०-१३५ वर घसरतात. हातात उरतं काय?

पण माल थंड का पडेल? ते पुढच्या पायरीत.

दुसरी पायरी: उष्णता येते कुठून ते शोधा

एक ग्रॅम बर्फाची थेट वाफ करायला सुमारे २,८४० ज्यूल लागतात. नुसता वितळवायचा असता तर ३३४ मध्ये भागलं असतं. ही सगळी उष्णता शेल्फमधून व्हायलमध्ये शिरायला हवी, आणि तिला वाटा तीनच. व्हायलचा तळ शेल्फला जिथे खरोखर टेकतो तिथून, तळ आणि शेल्फ यांच्यामधल्या वायूतून, आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांकडून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांतून.

व्हायल उलटी करून तिचा तळ बघा. तो सपाट नसतो, मध्ये खोलगट असतो. टेकते ती फक्त कडेची कडी, बाकी जागेत वायू. चेंबरचा दाब कमी केला की हा वायू विरळ होतो आणि उष्णतेची ती वाट अरुंद होते. व्हॅक्यूम वाढवल्यावर माल थंड पडतो तो यामुळे. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढतात ती कशासाठी, हे आठवलं तरी पुरे.

म्हणून चेंबरच्या दाबाचा आलेख टेकडीसारखा असतो. फार कमी दाबात उष्णता पोचत नाही, फार जास्त दाबात वाफेला निघायला फरक उरत नाही, शिवाय माल तापून कोलॅप्स व्हायची, म्हणजे मऊ पडून बसायची भीती. सुरुवात करायला ठोकताळा असा: मालाचं जे तापमान ठेवायचं आहे, त्या तापमानाच्या बर्फाच्या बाष्पदाबाचा पाव ते तिसरा हिस्सा. उणे ३५ साठी १६८ चा पाव ते तिसरा, म्हणजे ४० ते ६०. रिसिपीतले ते ६० कुणी हवेतून काढलेले नव्हते.

तिसरी पायरी: एका व्हायलचा हिशोब मांडा

हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका. १० मिलीची ट्यूब्युलर व्हायल घेऊ. बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर, आतला २२. बाहेरून तळाचं क्षेत्रफळ ४.५ चौरस सेंटिमीटर, आतून ३.८. त्यात ५ टक्के सुक्रोजचं ३ मिली द्रावण, म्हणजे खोली ०.८ सेंटिमीटर आणि पाणी अंदाजे २.८५ ग्रॅम. उष्णता शिरण्याचा गुणांक दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला १५ वॅट धरू. शेल्फ उणे २०, व्हायलच्या तळाशी माल उणे ३५, फरक १५ अंश.

१५ गुणिले ०.०००४५ गुणिले १५ म्हणजे ०.१ वॅट. मोबाइलवरचा मिणमिणता दिवाही याहून फार वेगळा नसेल. तासाला ३६४ ज्यूल, त्याला २,८४० ने भागा, तासाला ०.१३ ग्रॅम बर्फ. २.८५ ग्रॅम संपायला २२ तास.

कारखान्यात दिवसच्या दिवस जातात ते का, ते इथे दिसतं. यंत्र आळशी नसतं. व्हायलमध्ये जाणारी उष्णताच एवढी थोडी असते. आणि अशा १०,००० व्हायल्स असतील तर एकूण बर्फ साडेअठ्ठावीस किलो, दर तासाला १.३ किलो वाफ कंडेन्सरवर, म्हणजे वाफेचा परत बर्फ करणाऱ्या थंड भागावर. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या.

मग शेल्फ उणे २० ऐवजी शून्यावर का नेत नाही? कारण सुक्रोजचं गोठलेलं द्रावण उणे ३२ च्या आसपास मऊ पडायला लागतं आणि त्याच्या वर माल गेला की केक, म्हणजे सुकलेला माल, बसतो, म्हणजे कोलॅप्स होतो. माल या मर्यादेच्या दोन-तीन अंश खाली ठेवायचा, म्हणून उणे ३५. मर्यादा मालागणिक वेगळी. ट्रेहॅलोज थोडं सोपं, उणे ३० च्या जवळ. स्फटिकरूप मॅनिटॉल असेल तर उणे २ पर्यंत आधार मिळतो. मीठ जास्त असेल तर उणे २१ च्या वर त्याचं मिश्रण वितळतं. फॉर्म्युलेशनमध्ये काय आहे हे न विचारता सायकलच्या लांबीबद्दल कुरकुर करणारे मी बरेच पाहिलेत. मीही त्यातलाच होतो.

ध्यानात घ्या, मालाच्या तापमानाला स्वतःचं बटण नाही. बटणं दोनच, शेल्फचं तापमान आणि चेंबरचा दाब. माल कुठे बसेल ते आत येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी वाफ यांच्या ओढाताणीत ठरतं.

चौथी पायरी: गोठवणं हलक्यात घेऊ नका

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवी मंडळी इथेच डोळेझाक करतात. "गोठलं ना? मग झालं" असं म्हणून पुढे जातात.

बर्फ उडून जातो तेव्हा त्याच्या जागी पोकळी राहते. बर्फाचा स्फटिक जेवढा मोठा, तेवढी पोकळी मोठी. सुकणं वरून खाली सरकतं, त्यामुळे खालच्या बर्फाची वाफ वरच्या सुकलेल्या थरातल्या या पोकळ्यांतूनच बाहेर येते. बारीक स्फटिक म्हणजे बारीक भोकं, म्हणजे वाफेला जास्त अडथळा. कुल्फीवाला मोठे स्फटिक होऊ नयेत म्हणून जिवाचं रान करतो. आपल्याला नेमके तेच हवे असतात.

स्फटिक किती मोठे होतील हे ठरतं द्रावण नेमकं कोणत्या अंशाला गोठायला लागतं त्यावर. शून्याखाली गेल्याबरोबर ते गोठत नाही. स्वच्छ व्हायलमधलं स्वच्छ द्रावण उणे १०, उणे १५ पर्यंत द्रवच राहतं आणि मग एका क्षणात पांढरं होतं. जितकं खोल जाऊन गोठेल तितके स्फटिक बारीक. हे गोठणं एक अंशाने खोल गेलं की प्रायमरी सुमारे ३ टक्क्यांनी लांबते, असा अनुभवाचा आकडा आहे.

यातून एक कोडं सुटतं. अमरावती रोडवरच्या विद्यापीठाच्या परिसरात किंवा कामठीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेच द्रावण १८ तासांत सुकतं आणि कारखान्याच्या निर्जंतुक हॉलमध्ये त्याला २४ तास लागतात, असं झालं तर कुणाची चूक? बहुधा कुणाचीच नाही. प्रयोगशाळेच्या हवेतले धुळीचे कण बर्फाला सुरुवात करून देतात, त्यामुळे द्रावण लवकर, वरच्या तापमानाला गोठतं. निर्जंतुक हॉलमध्ये कणच नसतात. स्वच्छतेची किंमत तासांत मोजावी लागते. भर म्हणून प्रयोगशाळेच्या छोट्या यंत्राच्या पारदर्शक दरवाजातून खोलीची ऊब आत येत असते, ती मोठ्या यंत्रात नसते. स्केल-अप करताना ही दोन्ही कारणं आधी तपासा.

उपाय दोन. एक म्हणजे ॲनीलिंग: गोठवल्यानंतर शेल्फ थोडं वर, सुक्रोजसारख्या मालासाठी उणे २० ते उणे १० च्या दरम्यान, काही तास ठेवायचं आणि परत खाली न्यायचं. बारीक स्फटिक विरतात, मोठे वाढतात, आणि सगळ्या व्हायल्स जवळपास सारख्या होतात. मॅनिटॉल असेल तर ॲनीलिंग चुकवूच नका. ते गोठतानाच पूर्ण स्फटिक झालं पाहिजे. नाहीतर प्रायमरीत तापताना स्फटिक होऊ लागतं, फुगतं, आणि व्हायल्सचे तळ तडकतात. एका सकाळी अनलोडिंगला तडकलेल्या व्हायल्सचे ट्रे पाहिलेत, म्हणून आवर्जून सांगतो.

दुसरा उपाय कंट्रोल्ड न्यूक्लिएशनचा, म्हणजे बर्फाची सुरुवात आपणच ठरवून करून देण्याचा. चेंबरमध्ये नायट्रोजन किंवा आर्गॉनचा दाब वाढवून एकदम सोडायचा, किंवा आत बर्फाचं धुकं सोडायचं. सगळ्या व्हायल्स उणे ३ ते उणे ५ ला एकदमच गोठतात. सोय चांगली आहे, पण यंत्रात ती मुळात असावी लागते.

पाचवी पायरी: भराई आणि व्हायल

इथे थोडक्यात. द्रावणाची खोली १ सेंटिमीटरच्या आत ठेवता आली तर उत्तम, २ च्या वर जाऊच नये. खोली दुप्पट केली की वेळ दुपटीहून जास्त वाढतो, कारण शेवटच्या बर्फाला सगळा जाड केक ओलांडून यायचं असतं. म्हणून ३ मिलीचं ६ मिली करा असं मार्केटिंगवाले म्हणाले की मोठ्या व्हायलचा आग्रह धरा. द्रावणात घन भाग १० टक्क्यांच्या वर गेला की केक दाट होतो आणि अडथळाही वाढतो. हाफ-स्टॉपरिंग करताना, म्हणजे वाफेला फट ठेवून रबराचं बूच अर्धंच बसवताना, रबर जास्त आत गेलं तर फटच बंद होते. त्या व्हायल्स अनलोडिंगला ओल्या सापडतात आणि दोष सायकलला जातो.

कडेच्या ओळींतल्या व्हायल्सना भिंतींकडून आणि दरवाजाकडून जास्तीची उष्णता मिळते. त्या आधी सुकतात आणि कोलॅप्सही आधी त्यांचाच होतो. सायकल बांधताना वेळ मधल्या व्हायल्सवरून ठरवा आणि सुरक्षित तापमान कडेच्यांवरून.

सहावी पायरी: कंडेन्सर, आणि नागपूरची हवा

पुष्कळांना वाटतं वाफ व्हॅक्यूम पंप ओढतो. पंप ओढतो हवा. वाफेचं काम कंडेन्सरचं: ती तिथे येऊन परत बर्फ होते. कंडेन्सर उणे ६० ला असेल तर तिथला बाष्पदाब ८ मिलिटॉर, म्हणजे वाफेला चेंबरमधून तिकडे जायला ओढ राहते. तो उणे ४५ पर्यंत चढला तर त्याचाच दाब ५० च्या वर जातो आणि तुमचे ६० मिलिटॉर टिकवणं मुश्किल होतं.

वर तासाला १.३ किलोचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता तो यासाठी. घाई करून शेल्फ जास्त तापवलं तर चेंबर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या नळीत वाफेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो, आणि त्यापुढे ती नळी जास्त वाफ सोडतच नाही. चेंबरचा दाब सेटपॉइंट सोडून वर चढायला लागतो. नवा माणूस तेव्हा पंपाच्या तेलाकडे धावतो. आधी नायट्रोजन ब्लीड वाल्व्ह (दाब राखायला थोडा नायट्रोजन आत सोडणारा) पाहा. तो पूर्ण बंद होऊनही दाब चढत असेल आणि कंडेन्सर थंडच असेल, तर बहुधा वाफच जास्त होते आहे. कंडेन्सरही तापलेला असेल तर रेफ्रिजरेशनकडे जा.

आणि रेफ्रिजरेशनकडे गेलात की नागपूर आडवं येतं. छोट्या यंत्रांचे कॉम्प्रेसर खोलीच्या हवेत उष्णता सोडतात. मे महिन्यात एसी बंद पडून खोली ४० ला गेली की कंडेन्सर उणे ५५ वरून हळूहळू वर सरकताना दिसतो. मोठ्या यंत्रांचं उलटं. त्यांना कूलिंग टॉवरचं पाणी लागतं, आणि कूलिंग टॉवर म्हणजे शेवटी एक अवाढव्य कूलरच. कोरड्या मे महिन्यात तो पाणी चांगलं गार करतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत, बाहेर ३० अंशच असले तरी, पाणी मेपेक्षा गरम येऊ शकतं. उन्हाळ्यात नीट चाललेली सायकल आषाढात कुरकुरायला लागली तर आधी टॉवरच्या पाण्याचं तापमान विचारा.

सातवी पायरी: संपलं हे ओळखायचं कसं

चेंबरवर दोन गेज असतात. कपॅसिटन्स मॅनोमीटर खरा दाब सांगतो, वायू कोणताही असो. पिरानी गेज वाफेत सुमारे १.६ पट जास्त दाखवतं. प्रायमरी चालू असताना पहिल्यावर ६० आणि दुसऱ्यावर ९५ च्या आसपास दिसतात. बर्फ संपत आला की पिरानी उतरायला लागतं आणि दोन्ही आकडे भेटतात. भेटले की लगेच पुढे जाऊ नका, मागे राहिलेल्या व्हायल्ससाठी थोडा वेळ द्या. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घातलेल्या व्हायल्सवर एकट्यावर विश्वास नको: तारेमुळे त्या लवकर गोठतात, स्फटिक मोठे होतात, आणि इतरांच्या आधी सुकतात.

सेकंडरीत नियमच बदलतात. इथे चेंबरच्या दाबाने फारसं काही होत नाही, तापमान मुख्य. सुक्रोजसारख्या मालात या टप्प्याला ५ ते २० टक्के पाणी अजून मुरलेलं असतं. शेल्फ सावकाश, मिनिटाला ०.१ अंशाच्या आसपास वाढवत २५ ते ४० अंशांपर्यंत न्यायचं आणि काही तास थांबायचं. सावकाश, कारण केक जसजसा कोरडा होतो तसतशी त्याची उष्णता सोसायची ताकद वाढते. घाई केली तर आताही बसतो. कमी तापमानाला तासन्‌तास वाढवून ओलावा फारसा उतरत नाही. गंमत म्हणजे ॲनीलिंगने प्रायमरी वेगात होते पण सेकंडरी हळू, कारण मोठ्या स्फटिकांच्या केकमध्ये पाणी सुटायला पृष्ठभाग कमी असतो.

आठवी पायरी: पहिल्या महिन्यातलं काम

वरिष्ठांना विचारून रिकाम्या यंत्रावर एक पाण्याची फेरी करून घ्या. त्याच व्हायल्समध्ये नुसतं शुद्ध पाणी भरा, प्रत्येकीवर खूण करा, वजन करा. शेल्फच्या चारही कोपऱ्यांत, कडेला आणि मध्ये ठेवा. काहींमध्ये तळाला टेकलेलं थर्मोकपल घाला. उणे ४५ ला गोठवा, १०० मिलिटॉर आणि शेल्फ उणे १० ठेवून चालवा. बर्फाचा पाव भाग उडेल एवढ्यातच थांबवा, कारण बर्फ कमी होत गेला की तो व्हायलच्या भिंतींपासून आणि तळापासून सुटतो आणि हिशोब बिघडतो. परत वजन करा.

उडालेले ग्रॅम गुणिले २,८४०, भागिले लागलेले सेकंद, भागिले तळाचं क्षेत्रफळ, भागिले शेल्फ आणि व्हायलचा तळ यांच्या तापमानातला फरक. मी वर १५ धरला होता त्या गुणांकाचा तुमच्या यंत्रावरचा, तुमच्या व्हायलचा खरा आकडा हाती येईल. मग हेच ६० आणि १५० मिलिटॉरला करा. आकडे शेल्फच्या नकाशावर लिहा, कडेच्या व्हायल्स लाल पेनाने. आमच्याकडे असा नकाशा लायोच्या कंट्रोल पॅनेलशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, काकांच्या अक्षरात.